अध्यापनाचा परवाना : दुसऱ्या व्यवसायातून शाळेकडे

बेंगळुरू शहराच्या उत्तरेस हेब्बाळ वसले आहे. केंपेगौडाने सोळाव्या शतकात बांधवून घेतले असे मानले जाणारे तळे, त्याच्या काठाने जाणारा बल्लारी रस्ता आणि २००३ च्या सुमारास वाहतुकीस खुला झालेला वळणावळणांचा उड्डाणपूल या आज त्या स्थळाच्या ठळक खुणा होत. एके काळी हेब्बाळची ओळख निराळी होती. १८९९ मध्ये येथे प्रयोगशेती सुरू झाली, पुढे कृषिविद्यालय आले, १९४६ मध्ये कृषिमहाविद्यालय आणि १९६४ मध्ये कृषिविद्यापीठ. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीच शिकवावी लागते, आणि ती शिकवणाराही आधी शिकलेला असावा लागतो, हा विचार या परिसराला नवा नाही. विद्यापीठाचे उद्घाटन झाकीर हुसेन यांच्या हस्ते झाले. ते त्या वेळी उपराष्ट्रपती होते. पण बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतल्यावर ते जामिया मिलियाच्या अध्यापनात रमले होते, आणि १९३७ मध्ये वर्धा येथे नेमलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या समितीचे ते अध्यक्ष होते.

२००८ मध्ये विमानतळ देवनहळ्ळीस गेला आणि बाह्य वर्तुळमार्गाच्या कडेने संगणक कंपन्यांची संकुले उभी राहिली, तेव्हापासून हेब्बाळच्या आसपास राहणाऱ्या वस्तीचे स्वरूप पालटले. देशाच्या सर्व भागांतून आलेले अभियंते, हिशेबनीस, प्रयोगशाळांतील तंत्रज्ञ येथे राहतात. त्यांत पुण्या-नागपुराकडील, बेळगाव-धारवाडकडील मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. वयाच्या पस्तिशी-चाळिशीत यांपैकी काही जणांच्या मनात शिक्षक होण्याचा विचार येतो. कारणे नाना प्रकारची असतात: कुणाची नोकरी सुटलेली असते, कुणाला आपल्या मुलाला गणित समजावताना त्यात गोडी वाटू लागते, कुणा स्त्रीला बाळंतपणानंतर जुन्या कचेरीत परतणे नकोसे होते. कारण कोणतेही असो, पहिला प्रश्न एकच असतो. शाळेत शिकवायचे तर कोणता कागद हाती असावा लागतो?

परवाना हा शब्द आपण मोटार, बंदूक किंवा दुकान यांच्या संदर्भात वापरतो. अमेरिकेत शिक्षकालाही त्या त्या राज्याकडून तशाच स्वरूपाचा परवाना मिळतो. भारतात असा एकच कागद नाही. येथे विषयाची पदवी, अध्यापनाचे प्रशिक्षण आणि पात्रता परीक्षा असे तीन निरनिराळे दाखले तीन निरनिराळ्या संस्थांकडून मिळवावे लागतात, आणि ते तिन्ही हाती आले तरी नेमणूक मिळतेच असे नाही. तिची वाट पुन्हा वेगळी असते. बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे नोकरी मिळाली, अशी समजूत करून घेऊन पुढे निराश झालेली माणसे कमी नाहीत.

ही बंधने नेहमीच होती असे नाही. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तेव्हा कायद्याची पदवी घेतलेले टिळक तेथे गणित शिकवू लागले; त्यासाठी त्यांना कोणत्याही प्रशिक्षणाचा दाखला लागला नाही. गिजुभाई बधेका हे वकिली करीत होते. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. पश्चिम भारतातील बालशिक्षणाच्या चळवळीचा उगम ज्या थोड्या माणसांपाशी शोधावा लागतो, त्यांपैकी एक अशा रीतीने न्यायालयातून वर्गात आलेला होता. आजच्या नियमांच्या चौकटीत गिजुभाईंना पहिलीच्या वर्गावर उभे राहता आले नसते, असे कोणी म्हटल्यास ते खोटे ठरणार नाही. परंतु त्यावरून नियमच निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गिजुभाई शंभर वर्षांत एखादाच होतो, आणि शाळा लाखो असतात.

प्रशिक्षणाचा विचार सरकारदरबारी फार पूर्वी सुरू झाला होता. १८५४ च्या वुडच्या खलित्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने आणखी पुढे जाऊन सुचवले की, अध्यापनाची तत्त्वे व व्यवहार यांची एक परीक्षा असावी आणि माध्यमिक शाळेत कायम नोकरी हवी असेल त्याने ती उत्तीर्ण झालेली असावी. आजच्या पात्रता परीक्षेची पणजी म्हणून या सूचनेकडे बोट दाखवता येईल. त्या वेळी माध्यमिक शिक्षकांना तयार करणाऱ्या संस्था साऱ्या देशात दोनच होत्या, एक मद्रासला आणि दुसरी लाहोरला. मुंबईत माध्यमिक अध्यापक महाविद्यालय निघण्यास १९०६ साल उजाडावे लागले.

आज जे नियम लागू आहेत त्यांचा आधार दोन कायद्यांत आहे. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. कोणत्या महाविद्यालयाने कोणता अभ्यासक्रम चालवावा आणि तो किती काळाचा असावा, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे आला. त्यानंतर १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेविसाव्या कलमाने शिक्षकाची किमान अर्हता ठरवण्याची तरतूद केली, आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ती अर्हता निश्चित झाली. सरकारी, अनुदानित व विनाअनुदानित या तिन्ही प्रकारच्या शाळांना ती लागू आहे. खाजगी शाळांत तिचे पालन सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे होते असे मात्र म्हणवत नाही.

व्यवसाय बदलू पाहणाऱ्याने सर्वांत आधी कोणत्या इयत्तांना शिकवायचे हे ठरवले पाहिजे. महाविद्यालयाची चौकशी त्यानंतर करावी. हा क्रम उलटा झाला तर दोन वर्षे व बरेच पैसे वाया जाऊ शकतात. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची प्राथमिक शिक्षण पदविका लागते; महाराष्ट्रात जिला लोक अजून जुन्या सवयीने डी.एड. म्हणतात, तीच ही. सहावी ते आठवीसाठी पदवीसह ती पदविका किंवा पदवीसह बी.एड. चालते. या दोन्ही टप्प्यांसाठी पात्रता परीक्षाही आहे. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड., आणि अकरावी-बारावीसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी व बी.एड. अशी सर्वसाधारण रचना आहे. २०१० ची अधिसूचना या वरच्या वर्गांना लागू नव्हती.

बी.एड. ही पदवी पदविकेपेक्षा मोठी, तेव्हा ती असणाऱ्याला लहान मुलांना शिकवता आलेच पाहिजे, असे कोणालाही वाटेल. परिषदेलाही २०१८ मध्ये तसेच वाटले. त्या वर्षीच्या जूनमधील अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीच्या जागा खुल्या केल्या. अट एवढीच की नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा जोड-अभ्यासक्रम पूर्ण करावा. राजस्थानात यावरून वाद उभा राहिला आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द ठरवली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, सहा वर्षांच्या मुलाला अक्षर व अंक शिकवणे ही स्वतंत्र विद्या आहे, बी.एड.चा अभ्यासक्रम त्या विद्येसाठी घडवलेला नाही, आणि मुलाचा हक्क हा शिक्षणाचा, म्हणजे अर्थपूर्ण शिक्षणाचा आहे. त्या तारखेपूर्वी नेमल्या गेलेल्यांना पुढे २०२४ मध्ये संरक्षण मिळाले. मात्र आज नव्याने या वाटेवर येणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते हे की, ज्याला बालवर्गांची ओढ आहे त्याने बी.एड.च्या मागे लागू नये. पदवीधर माणसाला बारावीनंतरच्या पदविकेत बसणे कमीपणाचे वाटते. हा कमीपणा निव्वळ मानण्यावर आहे.

अभियंत्याची गोष्ट आणखी निराळी आहे. बी.एड.च्या प्रवेशासाठी पूर्वीपासून कला, विज्ञान व वाणिज्य या शाखांच्या पदव्या गृहीत धरलेल्या होत्या. २०१४ च्या नियमावलीत विज्ञान व गणित यांसह अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी ५५ टक्के गुणांनी मिळवलेल्यांचा स्पष्ट उल्लेख आला. इतरांना ५० टक्क्यांची अट आहे. त्यामुळे हेब्बाळच्या संगणक अभियंत्याला बी.एड.चे दार उघडे आहे. पण त्या दारातून पुढे गेल्यावर सर्व खोल्या उघड्या नसतात. अकरावी-बारावीला गणित शिकवायचे तर गणितातील पदव्युत्तर पदवी हवी. अभियांत्रिकीत कितीही गणित केलेले असले तरी ते त्या जागी धरले जात नाही. सहावी ते दहावीच्या सरकारी भरतीतही पदवीला कोणते विषय होते हे बारकाईने पाहिले जाते. म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी ज्या शाळांत जायचे आहे त्यांच्या भरतीचे नियम वाचणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

याच २०१४ च्या नियमावलीने बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे केले. व्यवसाय बदलणाऱ्यावर सर्वांत मोठा भार पडतो तो या बदलाचा, आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास ते महाराष्ट्रात सापडते. महाराष्ट्रात अध्यापक पदविकेच्या २९१ संस्थांना मान्यता देण्याच्या प्रश्नावरून झालेला तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने त्या संस्थांची पाहणी करविली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य मान्यतेस अपात्र असल्याचे आढळले. देशभर अध्यापक महाविद्यालये गल्लोगल्ली निघाली होती, दाखला विकत मिळतो अशी त्यांची ख्याती झाली होती, आणि वर्गात पाऊल न ठेवता शिक्षक तयार होत होते. २०१२ च्या अहवालात आयोगाने अभ्यासक्रमाचा काळ वाढवावा व प्रत्यक्ष शाळेतील काम वाढवावे, असे सुचवले. त्याचे फळ म्हणजे आजचे दोन वर्षांचे बी.एड.

या दोन वर्षांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. परीक्षा व प्रवेशाचे दिवस सोडून वर्षाला किमान २०० दिवस, आठवड्याला किमान ३६ तास. तासिकांना ८० टक्के हजेरी आणि शाळेतील आंतरवासितेला ९० टक्के. आंतरवासिता एकूण वीस आठवड्यांची, पहिल्या वर्षी चार व दुसऱ्या वर्षी सोळा. सोळा आठवड्यांत सहा दिवसांच्या हिशेबाने ९६ दिवस होतात. त्यांतले नऊ दिवस चुकले तर चालतात, दहावा चुकला की पंचाईत. नोकरी सांभाळून हे करता येणार नाही, हे उघड आहे. दूरशिक्षणाने बी.एड. करावे म्हटले तर तीही सोय नवागतासाठी नाही. ती सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, किंवा समोरासमोरच्या पद्धतीने आधीच एखादा अध्यापक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांसाठी राखलेली आहे. एके काळी पत्रद्वारा बी.एड. सर्रास होत असे. म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयाने तर उन्हाळी वर्ग व पत्रव्यवहार यांची सांगड घालून सेवेतील शिक्षकांसाठी चांगला अभ्यासक्रम चालवला होता. पण चांगल्या नमुन्याच्या मागे वाईट नकलांची रांग लागली, आणि शेवटी दार सर्वांनाच बंद झाले. आजही नोकरी न सोडता, घरबसल्या बी.एड. करून देऊ, अशा जाहिराती दिसतात. अशा दाखल्याची पडताळणी नेमणुकीच्या वेळी होते, आणि तोवर पैसे घेणारा सापडत नाही. संस्थेचे नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे की नाही, हे पाहण्यास पाच मिनिटे लागतात.

दोन वर्षांचे वेतन सोडून हे सारे करावे, इतके त्यात शिकण्यासारखे असते काय? हा प्रश्न विषय उत्तम जाणणाऱ्या माणसाच्या तोंडी विशेष शोभतो, आणि त्याला उत्तरही तितकेच नीट दिले पाहिजे.

एखाद्या अभियंत्याला पाचवी-सहावीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवण्यास उभे केले, असे समजा. फळ्यावर एक तृतीयांश व एक चतुर्थांश लिहून त्याने विचारले, यांतला मोठा कोणता? अर्धा वर्ग म्हणतो, एक चतुर्थांश. कारण चार हा तिनापेक्षा मोठा. मग तो दशांश लिहितो. शून्य दशांश पाच मोठा की शून्य दशांश तीन पाच? पुन्हा अर्धा वर्ग दुसऱ्याचे नाव घेतो, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. अभियंत्याला योग्य उत्तर ठाऊक असते, इतके की ते कधी ठाऊक नव्हते हे त्याला आठवत नाही. मुलांची चूक त्याला निष्काळजीपणाची वाटते आणि तो उत्तर पुन्हा, जरा मोठ्याने, सांगतो. वास्तविक मुले निष्काळजी नसतात; पूर्णांकांच्या जगात जो नियम चार वर्षे खरा ठरला तोच ती इमानाने नव्या जगात चालवीत असतात. ही चूक येणार हे आधी ओळखणे, तिच्यामागचा तर्क मुलाकडूनच वदवून घेणे, आणि एकच भाकरी तिघांत व चौघांत वाटून तो तर्क त्याच्याच हातून मोडवणे, हे शिक्षकाचे ज्ञान होय. गणितज्ञाला ते असतेच असे नाही, आणि मानसशास्त्रज्ञालाही नाही. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये या तिसऱ्या प्रकारच्या ज्ञानाला स्वतंत्र नाव दिले आणि तेव्हापासून अध्यापक शिक्षणाची चर्चा त्याभोवती फिरत आली आहे.

हे ज्ञान बी.एड.च्या तासिकांत किती मिळते, हा भाग अलाहिदा. अनेक महाविद्यालयांत टिपणे उतरवून घेण्यात आणि पाठटाचणाचे रकाने भरण्यात दिवस जातात. उद्दिष्ट, स्पष्टीकरण, शैक्षणिक साधन, फलकलेखन, मूल्यमापन असे ते ठराविक रकाने. तारखा मागेपुढे करून एका रात्रीत वीस टाचणे लिहिली जातात, हे कोणा छात्राध्यापकाला सांगावे लागत नाही. तरीही आंतरवासितेचे सोळा आठवडे फुकट जात नाहीत. त्या काळात एकच वर्ग, एकच फळा आणि तीच चाळीस मुले सकाळपासून दुपारपर्यंत समोर असतात. दुसऱ्या व्यवसायातून आलेल्या माणसाला येथे दोन गोष्टी विशेष जड जातात. कचेरीत सूचना एकदा दिली की काम होते. वर्गात तीच सूचना पाच प्रकारे द्यावी लागते. आणि कचेरीत तो वरिष्ठ असतो, येथे मात्र त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेली मार्गदर्शक शिक्षिका मागच्या बाकावर बसून त्याचा पाठ तपासते. पहिली अडचण सरावाने जाते. दुसरी ज्याची जात नाही, त्याने हा मार्ग धरू नये हे बरे.

उलट, तो आपल्याबरोबर काही आणतोही. टक्केवारी कोठे लागते, वीजमंडळाचे देयक कसे वाचावे, पुलाचा खांब तसाच का असतो, याची उत्तरे त्याला पुस्तकात शोधावी लागत नाहीत. उड्डाणपुलाखालून रोज शाळेत येणाऱ्या मुलांना कोन शिकवताना त्या पुलाचाच उपयोग करणे त्याला सहज सुचते. शाळांना अशा माणसांची गरज आहे, यात शंका नाही.

पात्रता परीक्षेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. केंद्रीय परीक्षा २०११ पासून होते. राज्यांच्या परीक्षा वेगळ्या आहेत आणि महाराष्ट्राची पहिली २०१३ च्या डिसेंबरात झाली. पहिली प्रश्नपत्रिका पहिली ते पाचवीसाठी, दुसरी सहावी ते आठवीसाठी. आरंभीच्या आराखड्यानुसार प्रत्येकीत १५० बहुपर्यायी प्रश्न, दीड तास, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही, आणि उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण. राखीव प्रवर्गांना सवलत देता येते. बालविकास व अध्यापनशास्त्र यावर ३० प्रश्न, दोन भाषांवर साठ, उरलेले विषयांवर. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांपुरते होते. २०२१ मध्ये ते आजीव करण्यात आले आणि तो निर्णय २०११ पासूनच्या सर्वांना लागू झाला. केंद्रीय परीक्षेतील भाषांच्या यादीत मराठीही आहे, त्यामुळे हेब्बाळमध्ये राहणारा मराठी उमेदवार आपली भाषा घेऊन ती देऊ शकतो. केंद्रीय विद्यालयांना व विनाअनुदानित खाजगी शाळांना ती चालते. कर्नाटक सरकारच्या शाळेत जायचे तर त्या राज्याची परीक्षा आणि कन्नडचे पुरेसे ज्ञान यांना पर्याय नाही. तो असावा असे म्हणणेही योग्य नव्हे. जी मुले घरी कन्नड बोलतात त्यांच्या शिक्षकाला ती बोलता यावी, ही अपेक्षा कोणीही मान्य करील.

या परीक्षेला कलंक लागलाच नाही असे नाही. महाराष्ट्रात २०१९-२० च्या परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचा प्रकार २०२१ च्या अखेरीस उघडकीस आला आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द झाले. पर्यायी प्रश्नांनी शिक्षक ओळखता येतो काय, ही शंका तर तिच्या जन्मापासूनच आहे. प्रश्न सोडवता येणे आणि वर्ग सांभाळता येणे यांत अंतर आहेच. परंतु ज्याला पाचवीचे गणित सोडवता येत नाही तो गाळला जावा, एवढे काम ती करते.

इतर देशांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९८४ मध्ये पर्यायी मार्गाची योजना स्वीकारली. विषयाची पदवी असलेल्या माणसाला शाळेत पगारी नोकरी द्यावी, अनुभवी शिक्षकाने त्याच्यावर देखरेख ठेवावी, संध्याकाळी त्याचे वर्ग घ्यावेत आणि वर्षाअखेर त्याला परवाना द्यावा, अशी ती होती. इंग्लंडमध्ये पदवीनंतरचे प्रशिक्षण साधारण एका वर्षाचे असते आणि शाळेत नोकरी करीत शिकण्याचेही मार्ग आहेत. २०१६ मध्ये ल्यूसी केलवे या नामवंत वृत्तपत्रलेखिकेने उतारवयात गणिताची शिक्षिका होण्याचे ठरवले आणि तिच्यासारख्यांसाठी एक संस्थाच काढली. तेथे २०२१ पासून नव्या शिक्षकाचा उमेदवारीचा काळ दोन वर्षांचा आहे, पण तो पगारी आहे. भारतातील व्यवस्थेशी तुलना करता मुख्य भेद हाच दिसतो: तिकडे शिकण्याचा खर्च बराचसा शाळा व सरकार उचलते, येथे तो उमेदवाराच्या घरावर पडतो. त्यामुळे ज्याच्या घरी दुसरे कोणी मिळवते आहे, किंवा ज्याने आधीच पुंजी साठवली आहे, त्यालाच ही वाट परवडते.

शिवाय वयाचा प्रश्न आहे. पात्रता परीक्षेला वयाची कमाल मर्यादा नाही, नेमणुकीला आहे. केंद्रीय विद्यालयांच्या भरतीत प्राथमिक शिक्षकासाठी ३०, प्रशिक्षित पदवीधर शिक्षकासाठी ३५ व पदव्युत्तर शिक्षकासाठी ४० अशी कमाल वये राहत आली आहेत. स्त्रियांना व राखीव प्रवर्गांना त्यांत सवलत असते. अडतिसाव्या वर्षी नोकरी सोडून चाळिसाव्या वर्षी बी.एड. होणाऱ्या पुरुषाला ही दारे बहुधा बंद झालेली असतात. महाराष्ट्रात परतावे म्हटले तर तेथे पात्रता परीक्षेखेरीज २०१७ पासून अभियोग्यता चाचणीही आहे, आणि निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. हे मानधन २०२३ पासून प्राथमिकला दरमहा १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये करण्यात आले. संगणक कंपनीतून आलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून हेब्बाळसारख्या ठिकाणी बहुतेकांची वाट खाजगी शाळेकडेच वळते. तेथे वयाचा अडसर नसतो, विषय येणारा माणूस हवाच असतो. वेतन मात्र शाळेगणिक वेगळे.

तेथे गेल्यावरही अर्हतेचा प्रश्न संपत नाही. काही शाळा बी.एड. नसलेल्यास घेतात व पुढे पाहू म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र व तमिळनाडू येथून आलेल्या प्रकरणांत दिलेल्या निर्णयानंतर या पुढे पाहू म्हणण्याला फारसा अर्थ उरलेला नाही. अनेक वर्षे सेवेत असलेल्या शिक्षकांनीही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेच पाहिजे. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ राहिलेल्यांना ती न देता सेवा पूर्ण करता येईल, पण बढती मिळणार नाही. इतरांना दोन वर्षांची मुदत, असे त्या निर्णयात म्हटले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला. वीस-वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसांना या निर्णयाने पुन्हा परीक्षार्थी केले, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे.

दरम्यान बी.एड.च्या रचनेतही पुन्हा बदल होऊ घातले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम हाच पुढे मुख्य मार्ग मानला. पण पदवीधरांसाठी दोन वर्षांचा, आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचा मार्गही त्यात सांगितला आहे. परिषदेने २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात एक वर्षाचे बी.एड. पुन्हा आले. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांचीच असते. ती या चार वर्षांत धरली जाते की नाही, हे नियमातील एका शब्दावर ठरते, आणि हेब्बाळमधल्या एखाद्या घराच्या दृष्टीने त्या शब्दाची किंमत एका वर्षाच्या पगाराइतकी असते.